शिंगाच्या कॅन्सरमधलं सायलिक ॲसिड कसं मोजायचं : लॅबमधे नव्यानं आलेल्यांसाठी

नवीन पोरं विषय घेऊन येतात, सायलिक ॲसिड, कॅन्सर, बैल नाहीतर कुत्रे, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो की दादा केमिकल कुठून मागवू आणि किती नॅनोमीटरला वाचू. ते सगळं मापासकट खाली सांगतोच, पण खरं सांगू का, ह्या कामात गुलाबी रंग आणणं सगळ्यात सोपं आहे, बारावी सायन्सचं पोरगंसुद्धा दोन दिवसात शिकंल. अवघड आहे ते हे की आलेला आकडा कशाशी ताडून बघायचा, आणि त्याचं उत्तर बाटल्या उघडायच्या आधी, गोठ्यातच ठरतं. तिथं चुकलात तर पुढचं सगळं नीट करूनही उपयोग नाही.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. सायलिक ॲसिड म्हणजे नऊ कार्बनची आम्लधर्मी साखर. पेशीच्या अंगावरच्या प्रोटीनला आणि फॅटला साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, त्या साखळीच्या टोकाला शेवटचा मणी म्हणून ही बसते. १९३६ साली स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी गाईबैलांच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीतून ही वेगळी केली, पुढं १९४१ मधे जर्मनीच्या अर्न्स्ट क्लेंक यांना तीच वस्तू मेंदूतल्या फॅटमधे सापडली. सायलिक हे नाव ग्रीकमधल्या लाळ ह्या शब्दावरून आलंय. ही लाळेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं टिश्यू घेताना लागणार आहे.

कॅन्सरच्या पेशीत हा मणी लावणारी एन्झाइमं, सायलिल ट्रान्सफरेज म्हणतात त्यांना, बऱ्याचदा जास्त चालतात, मग पेशीवर सायलिक ॲसिडचा थर वाढतो, शरीराच्या पहारेकरी पेशींना चकवायला तिला तो कामाला येतो, आणि त्यातलं काही सुटून रक्तात येतं. इथपर्यंत सगळे वाचून येतात. पण दुसरी बाजू वाचत नाहीत. जखम झाली, पू झाला, ताप आला की लिव्हर काही प्रोटीन धडाधड बनवायला लागतं, अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन, हॅप्टोग्लोबिन वगैरे, आणि ही प्रोटीनंसुद्धा सायलिक ॲसिडनं लगडलेली असतात, माणसातल्या अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीनच्या वजनात तर साधारण दहावा हिस्सा सायलिक ॲसिडच असतं. म्हणजे रक्तातला आकडा कॅन्सरनं वाढतो तसा साध्या सडक्या जखमेनंही वाढतो, आणि आपल्याकडं शिंगाच्या कॅन्सरचा बैल दवाखान्यात येतो तोच मुळी शिंगात आळ्या पडल्यावर.

आधी जनावर

मराठवाड्यात ह्या कामासाठी सगळ्यात जास्त केसेस मिळतात त्या बैलाच्या शिंगाच्या कॅन्सरच्या. देवणी, लाल कंधारी, गावरान, साधारण ५ ते १० वर्षांचा कामाचा बैल, त्यातही खच्ची केलेलाच जास्त. शिंगाच्या आतल्या हाडाच्या पोकळीला जे अस्तर असतं त्यातून ही गाठ सुरू होते, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पोळ्याला शिंगं तासणं, रंगवणं, जूचा घासा, ह्या सगळ्यावर पुस्तकांत संशय घेतलेला आहे, ते असो. मालक सांगतो ते असं असतं, "साहेब, आठ दिस झालं मान वाकडी करायलाय, डोस्कं झटकायलाय, अन् ह्या बाजूच्या नाकातून रगत यायलंय." एवढं ऐकलं की निम्मं निदान झालं. बोटानं ठोकलं तर त्या शिंगाचा आवाज भद्द येतो, जरा पुढं गेलेली केस असेल तर शिंग बुडातून हलतं.

पण ही झाली कॅन्सरची बाजू. तुलनेला काय घेणार? मी स्वतः काय केलं होतं ते सांगतो म्हणजे तुम्ही ते करणार नाही. माझ्या १२ केसेस गावोगावच्या म्हाताऱ्या बैलांच्या, आणि निरोगी गट म्हणून मी जवळच्या फार्मवरच्या तरण्या गाई घेतल्या, कारण त्या एका जागी बांधलेल्या होत्या आणि अर्ध्या तासात दहा सॅम्पल मिळाले. आकडे काय सुंदर आले, कॅन्सरवाले सगळे वर, निरोगी सगळे खाली. गाईडनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "तू कॅन्सर मोजलास का वय मोजलंस?" चार महिन्यांचं काम परत केलं.

म्हणून तीन गट धरा, दोन नाही. एक कॅन्सरचा, बायोप्सीनं पक्का झालेला. दुसरा निरोगी, त्याच वयाचा, त्याच जातीचा, बैलच, आणि शक्यतो त्याच गावातला, बऱ्याचदा त्याच मालकाचा जोडीतला दुसरा बैल मिळतो, तो सगळ्यात भारी, चारा एक, पाणी एक, काम एक. आणि तिसरा जो सगळे विसरतात, कॅन्सर नाही पण सूज आहे असा. ह्याच्यासाठी शिंग मोडलेले बैल शोधा. टकरीत, ट्रॅक्टरच्या धक्क्यानं, झाडाला अडकून शिंगं मोडतात आणि दवाखान्यात येतात, जखम तिथलीच, आळ्यासुद्धा तशाच, फक्त कॅन्सर नाही. तुमचा कॅन्सरचा आकडा ह्या गटापेक्षा वर असेल तरच तुमच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी आहे.

कुत्र्यांवर करणार असाल तर कुत्रीच्या स्तनाच्या गाठी आणि मोकाट कुत्र्यांतला टीव्हीटी, म्हणजे संगातून पसरणारा जननेंद्रियाचा कॅन्सर, ह्या दोन केसेस सहज मिळतात, पण बैल आणि कुत्रे एका टेबलात मांडू नका, प्रत्येक प्राण्याचं मुळात प्रमाणच वेगळं असतं. अजून एक, सायलिक ॲसिडचे दोन मुख्य प्रकार, एन-ॲसिटिल आणि एन-ग्लायकोलिल. माणसाला दुसरा बनवताच येत नाही कारण त्याचा जीन आपल्यात मोडलेला आहे, बैलात दोन्ही सापडतात. खाली जी रंगाची पद्धत सांगतोय ती दोन्ही मिळून एकच आकडा देते, त्यामुळं माणसांच्या पेपरमधली नॉर्मल रेंज उचलून बैलाला लावू नका, आपली आपण काढा.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि मालकाची सही हे दोन्ही पहिल्या सुईच्या आधी. मालकाला मराठीत सांगा काय करणार आहात, फॉर्म इंग्रजीत असला तरी. नंतर मागच्या तारखेनं सह्या गोळा करायच्या भानगडीत पडू नका.

रक्त

मानेच्या शिरेतून, १८ नंबरची सुई, १० मिली, साध्या व्हायलमधे, म्हणजे ज्यात काही टाकलेलं नाही अशा. ईडीटीएचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या केमिकलचं, व्हायल नको, कारण मग प्लाझ्मा मिळतो आणि प्लाझ्मात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, राहतं, त्यालाही सायलिक ॲसिड असतं, म्हणून सिरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) आणि प्लाझ्मा एका अभ्यासात मिसळायचे नाहीत. ऑपरेशनची केस असेल तर रक्त झायलॅझिन, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन, द्यायच्या आधी घ्या, त्या इंजेक्शननं गाईबैलांत रक्तातली साखर वर जाते आणि काही पद्धतींना साखरेचं वावडं आहे. आधी काय काय दिलंय तेही विचारून लिहून घ्या, मेलॉक्सिकॅम, अँटिबायोटिक, जखमेत टर्पेंटाईन, हळद, काहीही.

व्हायल तिरकं ठेवा, सावलीत, गोठायला तासभर द्या, हलवू नका. मे महिन्यात ४२ डिग्रीत मोटरसायकलच्या डिकीत व्हायल टाकून चाळीस किलोमीटर खडखडत आणलं की सिरम लाल झालंच म्हणून समजा. लाल सिरम टाकून द्या, मोह करू नका, लाल पेशींच्या अंगावर सायलिक ॲसिड असतंच आणि वर हिमोग्लोबिनचा रंग मोजणीत लुडबुड करतो. मी थर्माकोलचा डबा ठेवायचो आणि बर्फ फाट्यावरच्या रसवंतीवाल्याकडून घ्यायचो, दहा रुपयात डबा भरून. फक्त रक्त गोठेपर्यंत बर्फात घालू नका, आधी गोठू द्या मग थंड करा, आणि व्हायल बर्फाला थेट टेकवू नका, मधे कापड ठेवा.

लॅबमधे आल्यावर ३००० आरपीएमला १० मिनिटं फिरवा, सिरम चार छोट्या ट्यूबमधे वाटून उणे २० ला. चार कशाला, एकात का नाही? कारण दर वेळी तीच ट्यूब वितळवून परत गोठवली की सॅम्पल खराब होतं, आणि इकडं लाईट जाते तेव्हा फ्रीजर आपोआप वितळतोच, त्यात तुम्ही आणखी भर घालू नका. ट्यूबवर बैलाचा गट लिहू नका, नुसता नंबर लिहा, आणि नंबर कुणाचा ते वहीत, ती वही दुसऱ्याच्या कपाटात. रंग वाचताना हा कॅन्सरवाला आहे हे माहीत असलं की हात थोडा तरी वाकडा जातोच.

टिश्यू

इथं जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो.

शिंग कापल्यावर आत जे दिसतं ते फुलकोबीसारखं, गुलाबी-करडं, वास मारणारं, हात लावला की तुटणारं. नवीन माणूस वरचाच तुकडा उचलतो. वरचा भाग मेलेला असतो, त्यात पू, जंतू आणि आळ्या, तो मोजून काय मिळणार. जिवंत कड शोधा, जिथं गाठ चांगल्या अस्तराला भिडते तिथून साधारण हरभऱ्याएवढे दोन-तीन तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा मधून कापा, एक अर्धा १० टक्के फॉर्मॅलिनमधे हिस्टोपॅथला, म्हणजे मायक्रोस्कोपखाली तपासायला, दुसरा अर्धा बर्फावर. असं केलं नाही तर तुम्ही मोजलेल्या तुकड्यात खरंच कॅन्सर होता का नुसती सूज, हे कधीच कळणार नाही.

आता लाळेची आठवण. शिंगाच्या आतली पोकळी कपाळाच्या सायनसला जोडलेली असते, तिथलं अस्तर शेंबूड तयार करतं, आणि शेंबूड काय लाळ काय, दोन्हीतल्या म्युसिनमधे, म्हणजे चिकट प्रोटीनमधे, सायलिक ॲसिड ठासून भरलेलं असतं. म्हणून बर्फाच्या अर्ध्या तुकड्याला गार सलाईनमधे किमान तीनदा धुवा, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग फिल्टर पेपरवर टिपून घ्या. रक्तही धुऊन जायला पाहिजे, नाहीतर टिश्यूच्या नावाखाली सिरमच मोजाल. एकदा एका ज्युनिअरच्या सॅम्पलमधे निरोगी अस्तराचा आकडा गाठीपेक्षाही वर आला, पोरगं रडकुंडीला आलं, विचारलं तर धुतलंच नव्हतं, वरून चिकट पापुद्रा तसाच. धुऊन परत केलं आणि आकडा खाली आला.

निरोगी अस्तर आणायचं कुठून हाही प्रश्नच आहे. जुन्या थिसिसमधे लिहिलेलं असतं की कत्तलखान्यातून आणलं. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल-वळू कापायला बंदी आहे, तेव्हा तो रस्ता बंद. म्हशीचं मिळतं पण म्हैस म्हणजे बैल नव्हे. मग शिंग मोडल्यामुळं कापावं लागलेल्या बैलाचं अस्तर, मोडलेल्या जागेपासून लांबचं, आणि त्याच कॅन्सरच्या बैलाचं गाठीपासून लांब, डोळ्याला चांगलं दिसणारं अस्तर, हे दोनच पर्याय राहतात. दोन्ही शंभर टक्के निरोगी नाहीत, आणि तसं थिसिसमधे उघड लिहायचं.

तुकडा वजन करून, गार सलाईनमधे १० टक्के होमोजिनेट (वाटून एकजीव केलेलं द्रावण) करा, म्हणजे १ ग्रॅम टिश्यू आणि एकूण १० मिली. बर्फात ठेवूनच वाटा. शिंगाजवळचं टिश्यू चिवट आणि मधे हाडाचे कण असतात, काचेचा होमोजिनायझर फुटतो, आधी कात्रीनं बारीक करून घ्या.

बाटल्या

पद्धत लिओनार्ड वॉरन यांची, १९५९ ची, थायोबार्बिच्युरिक ॲसिडवाली, तोंडी टीबीए. जुनी आहे पण साध्या स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंग मोजायच्या मशीनवर, होते म्हणून इकडं तीच चालते.

लागतं ते असं. सल्फ्युरिक ॲसिड ०.१ नॉर्मल, लिटरभर पाण्यात २.८ मिली कॉन्सन्ट्रेटेड, ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमधे नाही. सोडियम मेटापिरिओडेट ०.२ मोलर, पण पाण्यात नाही, ९ मोलर फॉस्फोरिक ॲसिडमधे, १०० मिलीला ४.२८ ग्रॅम, आणि बाजारातलं ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक साधारण ६१ मिली घेऊन १०० पर्यंत पाणी केलं की ९ मोलर होतं. सोडियम आर्सेनाइट १० टक्के, हे ०.५ मोलर सोडियम सल्फेट आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिकच्या मिश्रणात. टीबीए ०.६ टक्के, ०.५ मोलर सोडियम सल्फेटमधे, विरघळायला वेळ लागतो, गरम करून हलवत बसा. सायक्लोहेक्झॅनोन. आणि स्टँडर्ड म्हणून, म्हणजे माहीत मापाशी ताडून बघायला, एन-ॲसिटिल न्यूरामिनिक ॲसिड, महाग आहे, मिलीला १ मिग्रॅचं द्रावण करून छोट्या छोट्या ट्यूबमधे उणे २० ला टाका.

आर्सेनाइट हे जहर आहे, आर्सेनिकच ते. तोंडानं पिपेट ओढायची सवय अजून काही जुन्या लॅबमधे आहे, इथं तसलं काही करू नका. ग्लोव्ह्ज घाला, वजन करताना पंखा बंद करा, आणि उरलेलं सगळं वेगळ्या बाटलीत, मोठ्या अक्षरात आर्सेनिक लिहून, संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेत द्या. बेसिनमधे एक थेंब नाही. आपल्या गावाकडं त्याच सांडपाण्यावर कुणीतरी मेथी लावलेली असते.

रंग आणायचा दिवस

टीबीएला फक्त सुटं सायलिक ॲसिड दिसतं, साखळीला चिकटलेलं दिसत नाही, म्हणून आधी तोडायचं. सिरम ५० मायक्रोलिटर, त्यात ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ९५० मायक्रोलिटर, झाकण लावून ८० डिग्रीला १ तास. हे ८० म्हणजे ८० च, ९५ केलं तर सुटलेलं सायलिक ॲसिड मोडायला लागतं आणि ६० ला पूर्ण सुटत नाही. वॉटर बाथच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर टाका. आणि लोडशेडिंगचं टाइमटेबल बघून सुरू करा. उकळतं पाणी गॅसवर पातेल्यात होतं पण ८० डिग्री पातेल्यात तासभर धरता येत नाही, मी करून बघितलंय.

टिश्यूचं होमोजिनेट ०.५ मिली, त्यात ०.२ नॉर्मल सल्फ्युरिक ०.५ मिली, बाकी तेच, नंतर फिरवून वरचं पाणी घ्यायचं. गाईबैलांच्या टिश्यूत एक जास्तीची अडचण असते, काही सायलिक ॲसिडला ॲसिटिलचे गट चिकटलेले असतात आणि ते पिरिओडेटला नीट काम करू देत नाहीत, म्हणून पहिल्या बॅचला एका तुकड्यावर ट्रायल घ्या, ॲसिडच्या आधी ०.१ नॉर्मल कॉस्टिकमधे (सोडियम हायड्रॉक्साइड) बर्फावर अर्धा-पाऊण तास ठेवून आणि न ठेवता. फरक आला तर सगळ्यांना ती पायरी लावा, आणि कॉस्टिक मारायला लागणारं जास्तीचं ॲसिड धरायला विसरू नका.

आता मुख्य भाग. ०.२ मिली सॅम्पल काचेच्या टेस्ट ट्यूबमधे. त्यात ०.१ मिली पिरिओडेट, हलवा, रूम टेम्परेचरला २० मिनिटं. रूम टेम्परेचर हा शब्द लिहिणारा माणूस परभणीत मे महिन्यात राहिलेला नसणार, आपल्याकडं रूम म्हणजे जानेवारीत २० आणि उन्हाळ्यात ३८, म्हणून ट्यूब २५ डिग्रीला लावलेल्या बाथमधे ठेवा, वर्षभर एकच. मग १ मिली आर्सेनाइट. लगेच पिवळा-तपकिरी रंग येतो, घाबरू नका, ते आयोडीन आहे, पूर्ण जाईपर्यंत हलवत राहा. ट्यूबच्या वरच्या कडेला एखादा पिवळा थेंब राहतो तोही खाली घ्या, तो राहिला की टीबीएलाच खातो. मग ३ मिली टीबीए, तोंडाला काचेची गोटी ठेवून उकळत्या पाण्यात १५ मिनिटं. काढून गार पाण्यात ५ मिनिटं.

ट्यूब गुलाबी झालेली असते. आता ४.३ मिली सायक्लोहेक्झॅनोन टाकून जोरात हलवा, थोडं फिरवा, वर गुलाबी थर येतो आणि खालचं पाणी फिकट पडतं. वरचा थर वाचायचा, ५४९ नॅनोमीटरला आणि ५३२ ला, दोन्हीकडं.

इथली माझी चूक लिहून ठेवतो. नवीन डिस्पोजेबल प्लास्टिकचे क्युवेट (मशीनमधे सॅम्पल ठेवायची चौकोनी नळी) आले होते, छान, एकसारखे, धुवायची कटकट नाही. गुलाबी थर ओतला, झाकण बंद केलं, ओडी (रंग किती प्रकाश अडवतो तो आकडा) वाचला तर दर सेकंदाला आकडा चढायलाय. काढून बघतो तर क्युवेट दुधासारखा पांढरा आणि बोटाला चिकट, सायक्लोहेक्झॅनोननं प्लास्टिकच विरघळवलं होतं. काचेचाच क्युवेट वापरा, फिरवायच्या ट्यूबसुद्धा काचेच्या. आणि ते पेट घेतं, तेव्हा जवळ बर्नर नको.

५३२ कशाला?

सगळे ५४९ वाचतात आणि मोकळे होतात, ५३२ वाचायचा कंटाळा करतात. टीबीएचा रंग फक्त सायलिक ॲसिडच देत नाही, डीएनएमधली डीऑक्सिरायबोज साखरसुद्धा देते, तिचा रंग ५३२ ला जास्त असतो. गाठीत पेशी खच्चून, म्हणजे डीएनए खच्चून, म्हणजे हा घोळ कॅन्सरच्याच सॅम्पलमधे जास्त होणार, आणि तुम्हाला वाटणार सायलिक ॲसिड वाढलं. खराब झालेल्या फॅटमधून निघणारं मॅलोनडायअल्डिहाइड पण तिथंच येतं. त्यासाठी वॉरन यांनी सूत्र दिलंय : मायक्रोमोल सायलिक ॲसिड = (०.०९० × ५४९ चा ओडी) वजा (०.०३३ × ५३२ चा ओडी). हे १ सेंटिमीटरच्या क्युवेटला आणि वर दिलेल्या ४.३ मिलीलाच लागू आहे, माप बदललं तर आपल्या स्टँडर्डवरून काढा.

हिशेब करून दाखवतो. सिरमच्या ट्यूबमधे ५४९ ला ०.३०० आणि ५३२ ला ०.१२० आला. पहिला गुणाकार ०.०२७०, दुसरा साधारण ०.००४०, वजा केले की ०.०२३० मायक्रोमोल. ०.२ मिलीत मूळ सिरम होतं १० मायक्रोलिटर, म्हणजे मिलीला २.३ मायक्रोमोल, म्हणजेच लिटरला २.३ मिलिमोल. सायलिक ॲसिडचं मॉलिक्युलर वेट ३०९, म्हणून डेसिलिटरला साधारण ७१ मिग्रॅ. आता टिश्यूची ट्यूब घ्या, ५४९ ला तोच ०.३००, पण ५३२ लाही ०.३००. वजा होणारा भाग झाला ०.००९९, उरले ०.०१७१. डोळ्याला रंग जवळपास तेवढाच गडद, पण खरं सायलिक ॲसिड पाव हिश्श्यानं कमी. ५३२ चा आकडा ५४९ पेक्षा मोठाच आला तर त्या ट्यूबचं उत्तर लिहू नका, परत करा.

दर बॅचला स्टँडर्ड लावा, २, ५, १०, १५, २० मायक्रोग्रॅम, सरळ रेष आली पाहिजे. त्यातला एक स्टँडर्ड ८० डिग्रीच्या तासातूनही काढा म्हणजे तिथं किती मोडतंय ते कळतं. एका सिरममधे मोजून ५ मायक्रोग्रॅम स्टँडर्ड घाला आणि तेवढे परत मिळतात का बघा. एका बैलाचं सिरम बरंच साठवून दर बॅचमधे तेच लावा, सोमवारचा आणि गुरुवारचा आकडा जुळतो का ते त्यावरून कळतं. सगळे सॅम्पल दोनदा, आणि गट मिसळून, एका दिवशी सगळे कॅन्सर आणि दुसऱ्या दिवशी सगळे निरोगी असं अजिबात नाही. ॲसिड न लावता तेच सिरम लावलं की सुटं सायलिक ॲसिड मिळतं, एकूणमधून ते वजा केलं की चिकटलेलं.

दुसऱ्या पद्धती

आर्सेनिक वापरायला लॅब तयार नसेल तर स्वेनरहोम यांची १९५७ ची रिसॉर्सिनॉलची पद्धत आहे, त्यात वेगळं तोडायची गरज नाही, कडक हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे सगळं एकदमच होतं, निळसर रंग ५८० ला वाचायचा. पण साखरेनं त्यात तपकिरी झाक येते, म्हणून सिरमला ठीक, कच्च्या टिश्यूला मला ती पटत नाही. फॅटला चिकटलेलं वेगळं मोजायचं तर क्लोरोफॉर्म-मिथेनॉलनं काढून, फॉस्फोटंगस्टिक ॲसिडनं खाली बसवून, मग रिसॉर्सिनॉल, ही कॅटोपोडिस यांची १९८२ ची पद्धत, तिच्यात हात बसायला वेळ लागतो, पहिल्या सहा महिन्यांत नादी लागू नका. ॲसिटिल आणि ग्लायकोलिल वेगवेगळं पाहिजे असेल तर एचपीएलसीशिवाय, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनशिवाय, गत नाही, डीएमबी नावाचा चमकणारा रंग लावून करतात, मोठ्या शहरातल्या लॅबमधे पाठवावं लागतं. एन्झाइमचे किट मिळतात, सोपे आहेत, आर्सेनिक नाही, फक्त पैसे मोजायची तयारी ठेवा.

आकडा कसा मांडायचा

सिरमचा आकडा नुसता देऊ नका, सोबत टोटल प्रोटीन बाययुरेटनं (प्रोटीन मोजायची रंगाची पद्धत) काढा आणि गुणोत्तर द्या, कारण बैल वाळलेला असला, पाणी कमी प्यालेला असला की सगळंच घट्ट होऊन वर दिसतं. टिश्यूला ओल्या वजनापेक्षा प्रोटीनच्या मिग्रॅमागं द्या, सुजलेल्या टिश्यूत पाणीच जास्त असतं. शक्य असेल तर हॅप्टोग्लोबिनही काढा, म्हणजे सूज किती आणि गाठ किती ह्याचा अंदाज लागतो.

आणि सगळ्यात चांगली तुलना म्हणजे तोच बैल, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. नंतर म्हणजे आठव्या दिवशी नाही, तेव्हा टाक्यांची जखमच मोजाल, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी. फक्त मालक बैल परत घेऊन येईल ह्या भरवशावर राहू नका, मृग बरसला की पेरणी, मग कोळपणी, मग सोयाबीन काढणी, त्याला वेळ नाही. आपणच थर्माकोलचा डबा घेऊन आखाड्यावर जायचं, सकाळी सातच्या आत, बैल जुंपायच्या आधी, कारण एकदा औत सुटल्यावर दमलेल्या बैलाचं रक्त घेणं ना त्याला बरं ना आपल्या आकड्याला.

तिथं चहा येतो, आणि चहासोबत प्रश्न येतोच. "साहेब, मागच्या टायमाला ते काय मोजलं होतं ते आता कमी झालं म्हन्ता, म्हंजी रोग गेला का?" एवढ्या आकड्यावर हो म्हणता येत नाही आणि मी म्हणतही नाही. शिंगाची जागा दाबून बघतो, कानामागच्या गाठी चाचपतो, दोन्ही नाकपुड्यांपुढं तळहात धरून श्वास सारखा येतो का बघतो, आणि सांगतो की मामा, माशी बसू देऊ नका, जू त्या बाजूला घासू देऊ नका, आणि त्याच नाकातून परत रक्त दिसलं तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन करा.